भिंतीवरची बाई

सोलापूरच्या आरोग्य खात्याच्या कचेरीत सिद्राम पेंटरने आगीपासून बचावाची कार्टून फिल्म पाहिली. लुगडं पेटताच बाई खाली पडते, गडागडा लोळते आणि आग विझते. मंद्रूपला चावडीच्या भिंतीवर त्याला एकच चित्र काढायचं होतं. त्याने पेटत्या लुगड्यानिशी जमिनीवर आडवी झालेली बाई काढली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘लोळा’.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात चुलीपाशी पदर पेटून नागूबाईची सून गेली. सिद्राम भेटायला गेला.

“मावशी, तिनं माजं चित्र बघितलं न्हवतं का?”

“बघितलं हुतं की. आमास्नी वाचाया येत न्हाई, पर चित्र कळलं हुतं. पेटल्याबरोबर तशीच आडवी झाली. मग तळमळाया लागली, तवा मीच वरडले, ‘हलू नगं गं! चित्रातली बाई हलती का?’”