वाफेतला डाव

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पिरोश्का आईला कायमचं गावी न्यायला बुडापेस्टला आली. एवढ्या मोठ्या शहरात म्हातारी एकटी खचून जाईल, ही तिची धास्ती. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गरम पाण्याच्या कुंडावर बघ. रोज तिथेच असते." उघड्या कुंडावर बर्फ भुरभुरत होता. छातीभर पाण्यात, वाफेत बसून आई एका टकल्या म्हाताऱ्याशी बुद्धिबळ खेळत होती. "आई, ऊठ आता! संध्याकाळची गाडी आहे." "थांब गं, याचा वजीर मारते आधी." म्हातारा कळवळला, "पोरी, आत्ताच ने हिला! आमची अब्रू तरी वाचेल." आई खदखदून हसली. वडिलांच्या लांबलेल्या आजारपणापासून पिरोश्काने हे हसू ऐकलंच नव्हतं. काठावर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने नवऱ्याला फोन लावला. "खोली रंगवायचं राहू दे. आईला सवड नाही."