चेपलेल्या घागरी

उदगीर जिल्हा होणार अशी बोंब होती आणि बेडकं तहानेनं मरत होती, त्या सालची गोष्ट. जन्मांध शिवमूर्तीअप्पा बोलक्या कम्प्युटरवर टाइप करत, तो भोंग्यातून टँकरच्या पाण्याचे नंबर पुकारी. बाया घागरी घेऊन रांगेत असताना मळेवाला महालिंग कुऱ्हाडीसह अप्पांच्या खोलीत घुसला. “टँकर माझ्या मळ्यावर न्यायलोय. कोकललास तर मुंडकं उडवीन, म्हाताऱ्या!” कम्प्युटरचा जीव स्क्रीनमध्ये समजून त्यानं स्क्रीनच फोडला. काचा अप्पांच्या गालात, बोटांत घुसल्या. “आता बोलेल पोपट?” ज्यानं जन्मात स्क्रीन पाहिला नाही, त्याचं काय अडणार? अप्पांची रक्ताळलेली बोटं कीबोर्डवर नाचली. भोंगा गरजला, “महालिंग टँकर पळवायलाय. माझ्या खोलीत हाय. या, बायांनो!” पहिली घागर रांगेतल्या गुरम्मानं त्याच्या डोक्यात हाणली. पुढचा खणखणाट देवणीपर्यंत गेला. चेपलेल्या घागरींत पाणी कमी मावतं, पण तक्रार कुणाचीच न्हाई.