पाच नवे विद्यार्थी

"नीता, सरांना विचार, वर्गाला आणखी पाच जण आले तर चालतील का?" मंदाबाई फोनवर म्हणाल्या.

सर, म्हणजे नीताचे बाबा, जाऊन पाच आठवडे झाले होते.

हॅमिल्टन शहरातल्या घरातून सॉलोमनसर झूमवर हिब्रू शिकवायचे. विद्यार्थी ठाण्याहून इस्रायलला नव्यानं गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मंदाबाई आणि पाच पुरुष. शेवटच्या दिवसांत सरांनी लेकीला बजावलं होतं, "परीक्षा होईपर्यंत सांगू नकोस. मंदाबाई पुस्तक मिटून रडत बसतील. त्यांची नर्सची नोकरी त्या परीक्षेवर आहे."

दफनाला आठच पुरुष जमले. कदीश, मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात; ते भरले नाहीत म्हणून ती राहूनच गेली. नीताला रडायलाही फुरसत नव्हती. शुक्रवारी चारला वर्ग होता. सरांना कॅमेरा नकोसा झालाय असं सांगून ती जुन्या बॅचची रेकॉर्डिंग्ज लावू लागली. एकदा बाबा भर ऑगस्टात हनुक्काच्या, डिसेंबरातल्या सणाच्या, शुभेच्छा देऊन गेले. निभावलं, असं तिला वाटलं.

"कोण आहेत हे पाच जण?"

"आपलेच. बाप्ये आहेत, पण गुणी!" मंदाबाई हसल्या. "आणि सरांच्या वडिलांचं नाव काय गं? एका कागदावर पूर्ण नाव हवंय."

"रूबेन," नीता म्हणाली, आणि जीभ चावली. कसला कागद?

शुक्रवारी सगळे मंदाबाईंच्या हॉलमध्ये एकाच कॅमेऱ्यासमोर बसले होते. नव्यांपैकी समीर दहा वर्षं इस्रायलमध्येच राहिलेला. बाबांपेक्षा फाडफाड हिब्रू बोलत होता. असा माणूस पहिलीच्या वर्गात? हा नक्की शहानिशा करायला आलाय. आणि परीक्षा मंगळवारी.

नीतानं टाईप केलं, "सर म्हणतात, तुम्हाला या वर्गाची गरज नाही."

"आहे ना, ताई. एक धडा पाठ करून आलोय. सरांसाठी."

"परीक्षेनंतर म्हणा."

"आजच."

तिनं घाईघाईनं रेकॉर्डिंग सुरू केलं. "शालोम मंडळी," बाबांचा आवाज आला, "बसा."

सगळे पुरुष उठून उभे राहिले. एकेकानं खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली.

"सॉलोमन, रूबेनचा मुलगा..." समीरनं सुरुवात केली.

"थांब रे," मंदाबाई म्हणाल्या. मग कॅमेऱ्याकडे वळल्या. "आधी ते रेकॉर्डिंग बंद कर, बाळा. दहा झालेत."