कुणीतरी सेल्फ मारेल का?

जुन्या गाडीचे प्लग पुसून तो वायरी जोडत होता, तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ती वायर...” “गाडीतलं तुला काय कळतं?” तो खेकसला. तेव्हापासून घरात अबोला आणि गाडीला उचक्या. त्याने कॉइल बदलली, पॉइंट घासले, कार्बोरेटरला शिव्या घातल्या, उचक्या थांबेनात. आता ठिणगी पडते का बघायचं, तर किल्ली फिरवायला दुसरं माणूस हवं. “कुणीतरी सेल्फ मारेल का?” त्याने भिंतीला विचारलं. तिने मुकाट येऊन किल्ली फिरवली. हातातल्या वायरीने त्याला असा झटका दिला, की चष्मा उडाला. उतरून तिने त्या वायरीची शेजारच्या वायरीशी अदलाबदल केली, पुन्हा किल्ली फिरवली. गाडी एका सुरात चालू लागली. हात चोळत तो भिंतीला म्हणाला, “कुणाला तरी गाडीतलं कळतं.” तीही भिंतीलाच म्हणाली, “आणि कुणाला तरी उशिरा.”