नियमात बसणारी पाती

"हे काय आहे?" जनार्दन बोराट्यांनी डबी जेवणाच्या टेबलावर आपटली.

डबीत पोलादी टोकं होती. प्रत्येकाला तीन पाती, दाढीच्या ब्लेडइतकी धारदार. खाचा सहा, टोकं पाच.

अभिनवचा घास हातातच राहिला. त्याने डबीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे.

"गॅरेजमध्ये सापडली. पोरा, मला इंग्रजी वाचता येतं. ब्रॉडहेड. शिकारीच्या बाणाला लावतात."

"बाबा, लीगल आहे ते. नियम चेक केलेत."

"कुणी?"

"केलेत ना. सोडा आता."

फलटणच्या तहसील कचेरीत छत्तीस वर्षं अव्वल कारकुनी केलेला हा माणूस. दुसऱ्याने तपासलेला कागद त्यांनी कधी डोळे झाकून पुढे सरकवला नाही, आणि मुलगा इकडे परदेशात, क्राइस्टचर्चला इंजिनियर झाला म्हणून ती सवय सुटणार नव्हती.

"मी स्वतः तपासणार. नियमात बसत नसेल तर ही डबी पोलिसांच्या टेबलावर ठेवीन. आणि बसत असेल..." त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "तरी ज्या हाताने जीव मारला, त्या हातचं पाणी मी पिणार नाही. मरेपर्यंत नाही."

मंदाकिनीबाई तव्यावरची भाकरी घेऊन आल्या. "कुणाच्याही हातचं?"

"कुणाच्याही. पोटचा पोर असला तरी."

"माळेला हात लावून बोलताय. जरा विचार करून बोला," असं म्हणून त्यांनी भाकरी ताटात वाढली. जनार्दनरावांनी ती चवीने खाल्ली. राग आला की त्यांना भूक जास्त लागायची.

अभिनव काहीतरी बोलणार होता, पण आईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने हातातला घास तोंडात घातला.

रात्री जनार्दनरावांनी बायकोच्या उजव्या खांद्याला बाम चोळून दिला. गेले दोन महिने तो दुखत होता. दर शनिवारी शेजारच्या हेदरबरोबर ती बागकामाच्या क्लबात जायची, आणि परत आली की खांदा धरून बसायची. बोटांनाही चिकटपट्ट्या होत्या.

"झेपत नाही तर खुरपं कशाला धरतेस?"

"घरात बसून काय करू? तुम्हाला पेपर आहे, मला काय आहे?"

त्यांना तिची कीव आली. बिचारी. माळ तिने घातली नव्हती, पण चाळीस वर्षांत घरात अंडं येऊ दिलं नव्हतं. लग्नाआधी माहेरच्या ज्वारीत मचाणावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची, पण एकाही पाखराला खडा लागू द्यायची नाही. चिमणीच्या शेपटीला वारा लागेल इतक्या जवळून न्यायची म्हणे. अशा आईच्या पोटी हा शिकारी जन्मावा! त्यांना फार वाईट वाटलं.

सकाळी निघताना तिने जिऱ्याच्या पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत ठेवली.

"एवढ्या लांब जाताय. पाणी प्याल ना?"

"तुझ्या हातचं नाही पिणार, तर कुणाच्या हातचं पिणार?"

फाटक उघडून ती तिथेच उभी राहिली.

डबीवर दुकानाचा शिक्का होता. दोन बस बदलून जनार्दनराव तिथे पोचले. भिंतीभर धनुष्यं टांगलेली, कोपऱ्यात गवताच्या पेंढ्यांवर निशाण्याचे कागद. लाल दाढीचा दुकानदार "किया ओरा" असा तिथला नमस्कार करत पुढे आला. जनार्दनरावांनी डबी समोर ठेवून विचारलं, "ही पाती इथल्या कायद्यात बसतात का?"

"अगदी बसतात. धनुष्याला लायसन्स नाही लागत. सरकारी जंगलात जायचं तर परमिट काढायचं. स्वीट ॲज, काही अडचण नाही."

"तोंडी नको. लेखी दाखवा."

दुकानदाराने हसत नियमांचा कागद छापून दिला. जनार्दनरावांनी ओळीखाली बोट धरून तो दोनदा वाचला. शिक्का कुठे आहे, असंही विचारलं. एकही आक्षेप सापडेना. पोरगा गुन्हेगार नव्हता, एवढ्याने जीव भांड्यात पडला.

पण शपथ उरलीच होती.

आता अभिनवने आणलेला चहा परत पाठवायचा. आजारी पडलो तर त्याच्या हातचं औषध नाकारायचं. आणि मेल्यावर? तोंडात पाणी कोण घालणार? दुकानात उभ्या उभ्या त्यांचे डोळे भरून आले. रागाच्या भरात आपण पोटचं पोर गमावून बसलो, असं त्यांना वाटलं. घशाला कोरड पडली. त्यांनी बाटली काढली आणि अर्धं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"तुमच्या घरून महिन्यापूर्वीच ही सगळी चौकशी झालीय," दुकानदार म्हणाला. "तासभर प्रश्न. परमिट कसं, पाती किती रुंद, कुठल्या भागात चालतं. तुम्हा लोकांना नियमांचं भारीच वेड. बोराटेच ना तुम्ही?"

"हो. तो माझा..."

"मग उरलेली ऑर्डर घेऊन जाल का? आजच आलीय." त्याने आतून एक लांब खोकं आणलं. "माझ्या नेमबाजीच्या रेंजवर दर शनिवारी कितीतरी जण येतात, पण असा नेम मी पाहिला नाही. पहिल्याच खेपेला एका बाणात हरीण! जनावराला कळलंसुद्धा नसेल."

जनार्दनरावांनी बाटली पुन्हा तोंडाला लावली आणि दुसऱ्या हाताने खोकं स्वतःकडे फिरवलं. वर जाड पेनाने लिहिलं होतं, 'पहिल्या शिकारीबद्दल अभिनंदन!' खाली घरचा पत्ता होता, आणि पत्त्याच्या वर नाव होतं: मिसेस मंदाकिनी जनार्दन बोराटे.