सूर धरणारा

"आबा, गाणं कधी सुरू होणार?" लताबाईने विचारलं.

खरं तर ती 'हे थांबवा' म्हणून सांगायला आली होती. जळगावातल्या त्या नव्या कॉलनीत रोज संध्याकाळी तोतारामच्या ओट्यावरून सनईचा एकच आवाज यायचा. ना वर, ना खाली, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. टीव्हीवरचं काही ऐकू येईना म्हणून बायकांनी लताबाईला पुढे केलं. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात, घरी येणार रविवारी. हिला काय, वेळच वेळ! वेळ होता खरा. घर खायला उठायचं. पण ऐकता ऐकता तिला भलतंच कुतूहल लागून राहिलं होतं, की एवढं वाजवून पुढे काहीच कसं होत नाही?

म्हाताऱ्याने गाल सैल सोडले. हातातली नळी सनईसारखीच होती, पण तिची भोकं मेणाने बुजवलेली.

"गानं मनाकडे नही शे, ताई. मी नुसता सूर धरस. गानं मना जोडीदार जीवराम वाजाडे."

"मग ते कुठे आहेत?"

"सुरतले गया, आंडोरकडे. लगीनमा आते बठ्ठा लोके टेप लावतस."

"ते मुलाकडे गेले, मग तुम्ही एकटेच कशाला वाजवता?"

"तो तठे वाजाडत व्हई ना! मी थांबनू ते त्यानं गानं उघडं पडी जाई."

लताबाईला हसू आलं. सुरत कुठे, जळगाव कुठे!

"आणि त्यांनी वाजवायचं सोडलं असेल तर?" तिने सहज विचारलं.

हे तोतारामच्या मनात कधी आलंच नव्हतं, की रोज येत होतं, कोण जाणे. त्याने नळी धोतराला पुसली आणि मांडीवर आडवी ठेवली. शेजारच्या टीव्हीवरची साबणाची जाहिरात स्पष्ट ऐकू आली.

कॉलनीचं काम फत्ते झालं होतं. लताबाईला स्वतःचीच चीड आली. उठून जावं, तर घरी तरी कोण होतं?

ती तिथेच पायरीवर टेकली.

"आबा, धरा सूर."

"कोनासाठे?"

"धरा तर खरं."

त्याने धरला. लग्नाआधी पाठ असलेलं एक गाणं तिने चाचपडत उचललं, तेही भलत्याच पट्टीत. तोताराम हसला नाही, डोळेही उघडले नाहीत त्याने. गाल फुगवून तो त्या एका सुरावर थांबून राहिला, ती सुरात येईपर्यंत.