अडीचचा गोळा

बाबा वणीकडच्या कोळसा खाणीत सुरुंग उडवायचे. स्फोट घरी ऐकू येत नसे. पण दिपालीने बनवलेल्या विद्युतचुंबकाखाली तरंगणारा लोखंडी गोळा त्या बारीक हादऱ्यानं रोज अडीचला खाली पडे. मगच आई जेवायला बसे. कारण एखादा सुरुंग उडला नाही, तर तो पाहायला बाबांनाच जवळ जावं लागे.

आज दिपालीने सर्किट नव्याने जुळवलं. पावणेतीन झाले. गोळा जागचा हलला नाही.

“आई, जमलं वं! आता हादऱ्यानं पडत नाही हा!”

आई झाकलेलं ताट सोडून चौथ्यांदा दाराशी जाऊन आली.

“मंग मले सांग पोरी, आज सुरुंग उडूनही हा पडला नाही, का सुरुंगच उडला नाही?”